मंडळीत संदेश कोणी द्यावा? खेड्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका तरुणाने विचारलं आहे: "आमची ख्रिस्ती मंडळी पंचवीस-तीस घरांची. पाळकसाहेबांकडे पाच गावं, म्हणून ते महिन्यातून एकदाच येतात आणि प्रभुभोजन देऊन जातात. बाकीचे रविवार गावातली एक अंगणवाडीची ताई उपासनेत संदेश देते, म्हणजे वचन समजावून सांगते. याला तीन वर्षं झाली. आता नवीन कमिटी म्हणते, पाळकपदाची दीक्षा नसलेल्याने, त्यातही बाईने, पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभं राहणं शास्त्राविरुद्ध आहे. याच कमिटीने मागच्या उन्हाळ्यात स्वतःला 'प्रेषित' म्हणवणारा बाहेरचा एक माणूस मांडव घालून तीन दिवस बोलावला होता. मग मंडळीत अधिकार नेमका कोणाचा?"

सलाम. मी अडतीस वर्षं पाळकाचं काम केलं, बहुतेक वर्धा नदीच्या अल्याड-पल्याडच्या खेड्यांत. हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे की उत्तर देताना हात आखडता घेणार नाही. माझ्या मते त्या ताईंनी बोलावं, मात्र मंडळीच्या लेखी परवानगीने. त्या बाहेरच्या माणसाला मांडवात उभं करायला नको होतं. दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे. ताई काय बोलतात, कशा राहतात, हे तुम्ही रोज बघता. त्या चुकल्या तर त्यांना बोलावून विचारता येतं. त्या माणसाला कोण विचारणार होतं?

तुमच्या कमिटीने तीन वेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्या आहेत, त्या आधी सोडवू. वचन समजावून सांगणं ही एक गोष्ट. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा देणं ही दुसरी, आणि जवळजवळ सगळ्या जुन्या मंडळ्यांनी ती दीक्षित माणसाकडे राखून ठेवली आहे. ताई प्रभुभोजन देत नाहीत, तसं कोणी म्हणतही नाही, तेव्हा ती तक्रार इथे लागू होत नाही. तिसरी गोष्ट इमारत, जागा आणि हिशेबाची वही. महाराष्ट्रात बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या नावावर असते, आणि धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात ज्यांची नावं लागतात त्यांना हळूहळू वाटू लागतं की पुलपिटही आपल्याच नावावर आहे. विश्वस्ताने छत गळतं का ते पाहावं. छताखाली कोणी बोलावं हे ठरवण्याचा हक्क त्याला त्या नोंदणीने मिळत नाही.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

दीक्षा होऊन वर्षही झालं नव्हतं. मला मिळालेल्या सहा गावांपैकी एकात एक म्हातारी बायबलबाई होती. जुन्या काळी मिशनने अशा बाया घरोघर शास्त्र वाचून दाखवायला नेमल्या होत्या, त्यांतली ती शेवटची. पगार कधीच बंद झाला होता, पण तिचं काम चालूच होतं. एका रविवारी मी उशिरा पोचलो. बस पंक्चर झाली होती आणि शेवटचे तीन कोस सायकलने आलो. टिनाच्या छपराखाली उपासना सुरू झालेली होती आणि म्हातारी हरवलेल्या नाण्याचा दाखला सांगत होती. त्या वर्षी भाव नव्हता, म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. माणसं निजायची अंगणात आणि कापूस घरात. ती म्हणाली, "समजा, त्या ढिगात तुमचं डोरलं पडलं. एवढा आढ्याला लागलेला कापूस. मंग काय करसान? म्हणसान का, जाऊ दे? एक-एक बोंड हातानं उसकसान. रात्र झाली तं दिवा लावसान, आन् दिवा कापसापासून दूर धरसान. देव तुमाले असा हुडकते." पुढे बसलेल्या एका बाईने नकळत गळ्याला हात लावून आपलं डोरलं चाचपलं. मी दारात उभा राहून ते पाहिलं.

आणि उपासना संपल्यावर मी त्या म्हातारीला बाजूला घेऊन सांगितलं की बाई, यापुढे मी नसेन तेव्हा छापील संदेश वाचून दाखवत जा, स्वतःचं सांगू नका. मला तेव्हा वाटलं, मी मंडळीची शिस्त राखतो आहे. ती "बरं साहेब" म्हणाली. चार महिन्यांत बायकांची बाजू निम्मी रिकामी झाली. मी घरोघर विचारलं तर कोणी म्हणे वेचणी, कोणी म्हणे निंदण. शेवटी एक आजोबा म्हणाले, "साहेब, थे आमच्या भाषेत सांगत होती. कागदातलं मले समजत नाई." मी म्हातारीकडे वावरात गेलो, धुऱ्यावर बसलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, "तुमी पाळक हा. तुमी थांब म्हटलं, मी थांबली. आता तुमी सांग म्हणसान तं सांगीन."

हे उत्तर मी पुढे आयुष्यभर वागवलं. तिने माझा अधिकार मोडला नाही, त्यामुळे त्या चार महिन्यांचं सगळं ओझं माझ्यावर आलं. अधिकार मानणारा माणूस समोर असला की अधिकार चालवणाऱ्याला फार जपून बोलावं लागतं. तुमच्या कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना हेच सांगायचं आहे.

हा वाद काही आपल्या गावात सुरू झालेला नाही. इसवी सन २१५ च्या सुमाराला अलेक्झांड्रियाचा मोठा विद्वान ओरिगेन पॅलेस्टाइनमधल्या कैसरियाला गेला. तो तेव्हा दीक्षित नव्हता, तरी तिथल्या आणि यरुशलेमच्या बिशपांनी त्याला मंडळीपुढे शास्त्र उलगडून सांगायला लावलं. त्याचा स्वतःचा बिशप देमेत्रियस संतापला: बिशप समोर बसलेले असताना साध्या माणसाने उपदेश करावा, असं कधी ऐकिवात नाही! त्या दोघा बिशपांनी उलट लिहून कळवलं की हे खरं नाही, आणि ज्या ज्या ठिकाणी बिशपांनी योग्य साध्या माणसाला बोलायला सांगितलं होतं त्यांची नावंच दिली. मंडळीचा जुना इतिहासकार युसेबियस याने आपल्या इतिहासात हे सगळं नोंदवलं आहे. इथे भांडण दोन बिशप विरुद्ध एक बिशप असं होतं. म्हणजे "मंडळीचा अधिकार" असं आपण म्हणतो तेव्हाही कोणत्या मंडळीचा, हा प्रश्न त्या काळापासूनच आहे. आणि ओरिगेन स्वतःहून उठून उभा राहिला नव्हता, त्याला बोलावलं होतं, हेही विसरू नये.

लिओन शहरातल्या वाल्दो नावाच्या व्यापाऱ्याचं उदाहरण मला जास्त चटका लावतं. त्याने संपत्ती वाटून टाकली, शास्त्राचा लोकभाषेत तर्जुमा करवून घेतला आणि रस्त्यावर उपदेश सुरू केला. त्याच्या सोबत्यांत बायकाही बोलत. ११७९ साली ही माणसं रोमला पोपकडे गेली. पोप तिसरा अलेक्झांडर यांनी त्यांचं दारिद्र्यव्रत मान्य केलं, पण उपदेशासाठी अट घातली: स्थानिक धर्मगुरूंनी बोलावलं तरच. स्थानिक धर्मगुरू कशाला बोलावतील? ते बोलतच राहिले आणि ११८४ साली बहिष्कृत झाले. त्यानंतर पंचवीस वर्षांनी असिसीचा फ्रान्सिस जवळजवळ तसंच जीवन घेऊन, तोही दीक्षा नसलेला, पोप तिसरा इनोसंट यांच्यापुढे उभा राहिला. त्याला पश्चात्तापाचा उपदेश करायची तोंडी परवानगी मिळाली. एकाचे अनुयायी पिढ्यान्‌पिढ्या डोंगरदऱ्यांत लपून जगले, दुसऱ्याचे फ्रान्सिस्कन जगभर गेले. दोघांच्या स्वभावात फरक होता, मान्य. पण ऐकून घेणाऱ्याच्या स्वभावातही होता.

प्रॉटेस्टंट सुधारणेनंतर गोष्ट सोपी झाली असं लोक समजतात. १५२० साली लूथरने सर्व विश्वासणारे याजक आहेत असं लिहिलं खरं, पण १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचं, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धापत्राचं, चौदावं कलम म्हणतं की रीतसर बोलावणं असल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये. "सगळे याजक" हे वाक्य तोंडावर फेकून कोणी पुलपिट मागत असेल तर त्याला हे कलमही दाखवा.

मेथडिस्टांची घडण तर साध्या उपदेशकांवरच झाली. या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली लंडनबाहेर असताना थॉमस मॅक्सफिल्ड नावाच्या तरुणाने परवानगी नसताना उपदेश सुरू केला. वेस्ली रागाने परतले. आई सुझॅना म्हणाली, जपून. त्या मुलाला देवाचं बोलावणं तुझ्याइतकंच खरं आहे. आधी त्याच्या कामाचं फळ बघ आणि तू स्वतः त्याचं ऐक. वेस्लींनी ऐकलं आणि विरोध सोडला. तुमच्या पाळकसाहेबांनी ताईंचा एकही संदेश मागे बसून ऐकला आहे का? मला या भांडणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो, कारण बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर "नाही" असतं.

आपल्या विदर्भाचं म्हणाल तर इथे या वादाचे सगळे पक्ष पन्नास कोसांच्या आत सापडतात. नागपुरात १८४५ पासून स्कॉटिश मिशन, म्हणजे निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभेने चालणारी मंडळी. अकोला-अमरावतीकडे अलायन्स मिशन. यवतमाळला फ्री मेथडिस्ट. रोमन कॅथलिकांचे नागपूर आणि अमरावतीचे धर्मप्रांत. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. सहा मंडळ्या एक झाल्या: कोणाकडे बिशप, कोणाकडे फक्त वडील, कोणाकडे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र. कोणाची दीक्षा खरी, यावर ते वर्षानुवर्षं अडले होते. शेवटी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, कोणाच्या जुन्या दीक्षेला खोटं म्हणायचं नाही, असा मार्ग निघाला. काहींना तो संदिग्ध वाटला. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी शेवटच्या टप्प्यात माघार घेतली, आणि म्हणूनच आजही एकाच तालुक्यात दोन वेगळ्या नियमावल्यांनी चालणाऱ्या मंडळ्या दिसतात. मला मात्र ते हात ठेवणं नेहमी मोठं वाटलं आहे. आपली दीक्षा पुरेशी आहे अशी खात्री असलेला माणूसही दुसऱ्यापुढे डोकं वाकवायला तयार झाला.

आता बाईने बोलण्याचा मुद्दा. तुमच्या कमिटीने १ तीमथ्य २:१२ (बाईने शिकवू नये) आणि १ करिंथ १४:३४ (बायकांनी सभेत गप्प राहावं) दाखवलं असणार. ही वचनं शास्त्रात आहेत आणि ती खोडून टाकायचा मला अधिकार नाही. पण त्याच करिंथच्या पत्रात तीन अध्याय आधी, ११:५ मध्ये, पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने डोकं कसं ठेवावं ते सांगतो. जिने तोंडच उघडायचं नाही तिच्या डोक्यावरच्या पदराचा नियम कशाला सांगेल? म्हणून चौदाव्या अध्यायातली शांतता सरसकट नसून त्या सभेतल्या गोंधळापुरती असावी, असं मी समजतो. प्रिस्किल्लेने नवऱ्याबरोबर अपुल्लोसाला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला, आणि अपुल्लोस काही नवशिका नव्हता. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत. पुनरुत्थानाची पहिली बातमी मग्दालीया मरियेने शिष्यांना सांगितली. तीमथ्याच्या पत्रातलं वचन मी इफिसात पसरलेल्या खोट्या शिक्षणाशी जोडून वाचतो. माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, प्रामाणिक माणसं ते वेगळं वाचतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यांना मी बायकांचे वैरी म्हणणार नाही. त्यांनी इतकंच करावं की नियम सगळीकडे सारखा लावावा. मोबाइलवर बाईचा संदेश ऐकायचा, तोच गावातल्या व्हॉट्सअॅपच्या गटात पुढे पाठवायचा, आणि गावची बाई उभी राहिली की तीमथ्य उघडायचं, यात शास्त्राचा मान राहत नाही.

यवतमाळच्या फ्री मेथडिस्टांचंच बघा. त्यांच्या पंथाचे संस्थापक बी. टी. रॉबर्ट्स यांनी स्त्रियांना दीक्षा द्यावी असं १८९१ साली पुस्तक लिहून मांडलं. त्यांच्या हयातीत पंथाने ते मानलं नाही. १९११ साली स्त्रियांना डीकनपद, म्हणजे पूर्ण दीक्षेच्या खालची पायरी, मिळालं आणि पूर्ण दीक्षेला १९७४ उजाडलं. संस्थापकाचा शब्द मान्य व्हायला ८३ वर्षं लागतात, तेव्हा तुमच्या गावात तीन वर्षांत मनं वळली नाहीत म्हणून खचू नका.

आणि पंडिता रमाबाई. लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर देवळांत पुराण सांगत फिरलेली ही बाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं निघालं, तेव्हा भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. जी देवळाच्या ओट्यावर पुरुषांपुढे बोलत होती, तिला ख्रिस्ती झाल्यावर पुरुषांना शिकवू नको म्हणून सांगितलं! तिने १८८५ साली आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना स्पष्ट लिहिलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. पण ती ख्रिस्ताला सोडून गेली नाही. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि मूळ भाषा शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली ती वारली तेव्हा ते काम पुरं झालं होतं. ज्यांना बाईचं शिकवणं खपत नाही त्यांनी त्या भाषांतराचा विचार करावा.

रोमन कॅथलिक शेजाऱ्यांचा नियम वेगळा आहे, तोही नीट कळू द्या, कारण आपल्याकडे त्याबद्दल अर्धवट बोललं जातं. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे मिस्सामधलं, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेतलं, प्रवचन फक्त धर्मगुरू किंवा डीकन देतो. पण गरज असेल तिथे सामान्य माणसाला चर्चमध्ये उपदेशाची परवानगी देता येते. फादर नसतात त्या गावी कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारा सामान्य माणूस, प्रार्थना चालवतो. म्हणजे दार तिथेही पूर्ण बंद नाही, फक्त किल्ली कोणाकडे हे पक्कं ठरलेलं आहे.

राहिला तो बाहेरचा 'प्रेषित'. इथे मी कडक बोलणार आहे. पहिल्या पिढ्यांच्या मंडळीत फिरते संदेष्टे होते आणि त्यांच्यासाठी नियमही होते. डिडाखे नावाच्या अगदी जुन्या लिखाणात आहे की असा माणूस आला तर त्याला प्रभूसारखा मान द्या. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर खोटा. निघताना भाकरीशिवाय काही घेतलं, पैसे मागितले, तर खोटा. तुमचा पाहुणा तीन दिवस राहिला. तुम्ही लिहिता की शेवटच्या रात्री चादर पसरून दान मागितलं आणि मोबाइलवर पैसे पाठवायचा नंबरही फलकावर लावला.

माझ्या एका गावात अशाच सभेनंतर एका बापाने मुलीच्या मिरगीच्या गोळ्या बंद केल्या. त्याला मांडवात सांगितलं होतं की गोळी घेणं म्हणजे विश्वास नसणं. अकराव्या दिवशी मुलगी चुलीपाशी झटका येऊन पडली. हात कोपरापर्यंत भाजला. मी त्या माणसाला फोन लावला, नंबर बंद होता. कोणत्या मंडळीचा, कोणाच्या हाताखालचा, कोणी पाठवला, काहीच कळलं नाही, कारण बोलावताना कोणी विचारलं नव्हतं. मुलगी वाचली. तिचा बाप पुढे कित्येक वर्षं उपासनेत मागच्या भिंतीला टेकून बसायचा, पुढे यायचा नाही.

देव साध्या माणसाला उठवतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. जुन्या करारातला संदेष्टा आमोस गुरं राखणारा, उंबराच्या झाडांची निगा करणारा. बेथेलच्या याजकाने त्याला हाकललं, तरी वचन त्याच्याकडेच होतं. मोशेच्या काळी एल्दाद आणि मेदाद हे दोघे साधे लोक छावणीतच संदेष्ट्यांसारखे बोलू लागले तेव्हा यहोशवा म्हणाला यांना थांबवा, आणि मोशे म्हणाला, देवाचे सगळेच लोक संदेष्टे झाले तर किती बरं. आपल्या मराठी मुलुखात तर हे नवल वाटायलाच नको. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा हातात झाडू घेऊन कीर्तनाला उभे राहत, आणि त्यांना कोणी सनद विचारली नाही. पण बाबा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहत, मडक्याच्या तुकड्यात खात, स्वतःसाठी काही ठेवत नसत. लोक त्यांना पारखू शकत होते. पौलही थेस्सलनीकाकरांना हेच सांगतो: संदेश धिक्कारू नका, पण सगळ्याची पारख करा.

आता करायचं काय. तुमच्या मंडळीच्या वरच्या कार्यालयातून घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत मागवा. मेथडिस्ट परंपरेत स्थानिक उपदेशकाची तरतूद आहे: उमेदवाराची चौकशी होते, अभ्यास होतो, परवाना मिळतो आणि त्याचं ठराविक काळाने नूतनीकरण होतं. इतर बहुतेक पंथांतही असं काही ना काही सापडतं. ताईंचा अर्ज पाळकसाहेबांच्या शिफारशीने पाठवा. परवाना मिळेपर्यंत पाळकांनी सहीने एक साधं पत्र द्यावं: अमुक ताई महिन्याचे अमुक रविवार माझ्या देखरेखीखाली संदेश देतील. संदेशाची वही ठेवा, वचन आणि दोन ओळी सारांश. पाळक आले की वही बघतील, प्रश्न विचारतील. ताईंना यात अपमान वाटू नये. त्या बायबलबाईच्या वह्या मी नंतर सहा वर्षं वाचल्या आणि तिच्यापेक्षा जास्त मीच शिकलो. बाहेरचा वक्ता बोलावायचा असेल तर त्याच्या मंडळीचं पत्र आणि तिथल्या पाळकाचा फोन नंबर आधी घ्या. औषधांबद्दल आणि पैशांबद्दल तो मांडवात काही बोलणार नाही हे आधी कबूल करून घ्या. हरकत घेणाऱ्या वडिलांना वेगळं पाडू नका. त्यांतल्या एकाला महिन्यातून एक रविवार संदेश द्यायला सांगा. वचन घेऊन उभं राहणं काय असतं ते त्यांनाही कळू दे.

गाडी कोर्टात किंवा आयुक्तांकडे नेऊ नका. मी दोन मंडळ्यांची कुलपं पाहिली आहेत, एक अजून उघडलेलं नाही.

आणि बैठक ठेवाल तेव्हा ताईंना आत खुर्ची द्या, चहा दुसरं कोणी करेल. शक्यतो दसऱ्याच्या आत ठेवा. एकदा वेचणी लागली की बाया अंधार पडेपर्यंत वावरात असतात, आणि ताईंचा निकाल पुन्हा पुरुषांपुरत्याच बैठकीत लागेल.